उपाशी झोप

शिरूर अनंतपाळ तालुक्यातल्या त्या गावात सिंधुबाईच्या दारातून कुणी उपाशी परत गेलं, असं शपथेवर सांगणारा माणूस सापडायचा नाही. मीटर बघायला वायरमन आला, की 'बस, दोन घास खा.' सिलिंडरवाला आला, की 'नुसतं पाणी काय पितोस, भाकर खा.' शेजारीण तावातावानं भांडायला आली, तरी आधी तिच्यापुढं ताटलीभर चुरमुऱ्याचा सुशीला यायचा. तो संपेपर्यंत भांडणाचा निम्मा जोर निघून जायचा, उरलेला चहात बुडायचा. आता असल्या बाईशी भांडणार तरी कसं?

गावच्या शाळेत पोरांची खिचडी शिजवायचं काम तिच्याकडं होतं. पोरं मास्तरांना भीत नव्हती, पण ताटात खिचडी टाकली तर सिंधुबाईला भ्यायची. हातात डाव घेऊन ती डोक्यावर उभी राहायची. "खा की रे भाड्या, कुणासाठी ठेवलंस?" एखादं पोर गैरहजर असलं, तर सुट्टीनंतर डबा घेऊन त्याच्या घरी जायची. लोक हसायचे. म्हणायचे, सिंधुबाईला देवानं दोन हात दिलेत, एक वाढायला अन् दुसरा आग्रह करायला.

हसणाऱ्यांना व्यंकट ठाऊक नव्हता. सिंधुबाईचं माहेर बिलोलीकडचं. बहात्तरच्या दुष्काळात ती सहा-सात वर्षांची, अन् धाकटा भाऊ व्यंकट जेमतेम चालायला लागलेला. आई-बाप खडी फोडायला गेलेले, पोराला सांभाळायचं काम सिंधूकडं. एका संध्याकाळी व्यंकट भूक भूक करून रडायला लागला. घरात काही नव्हतं. सिंधूनं त्याला मांडीवर घेऊन थोपटलं, थोपटत राहिली, अन् एकदाचा तो झोपला. लेकरू झोपलं म्हणून तिला केवढा आनंद झाला होता! सकाळी तो उठलाच नाही. अंगात ताप होता की नुसती भूक होती, तिला कुणी सांगितलं नाही अन् तिनंही कुणाला विचारलं नाही. पण त्या दिवसापासून एक गोष्ट तिच्या हाडात जाऊन बसली. उपाशी पोर झोपवू नये.

म्हणून तर हे सगळं रामायण घडलं.

लेकाची, सुदर्शनची, मुलगी सृष्टी. सुदर्शन टेम्पोवर, महिन्यातले निम्मे दिवस बाहेर. सून शिवकन्या गावातच शिवणकाम करायची. सृष्टी आजीच्या कुशीत झोपायची, अन् झोपताना तोंडात दुधाची बाटली असायची. नुसतं दूध नाही, चांगली दोन चमचे साखर घातलेलं. पोर झोपेत चुळबुळ करायला लागलं, की सिंधुबाई उठून पुन्हा बाटली लावायची. बाटली सुटली तेव्हा साखरेच्या दुधात बिस्कीट आलं. "आत्या, एवढं गोड नगा देऊ," असं शिवकन्या म्हणायची. सासूला ती आत्या म्हणायची, अन् धाकातही असायची. "तू गप. पोटात काही असलं म्हणजे पोर शांत झोपतंय," असं म्हणून सिंधुबाई विषय मिटवायची.

पाचव्या वर्षी सृष्टीच्या तोंडाकडं बघवेना. पुढचे दात काळे होऊन झिजलेले, दाढांना खड्डे, एका बाजूला गाल टम्म सुजलेला. दुधाचेच दात, पडतील अन् नवे येतील, असं सगळे म्हणत होते. पण पोरीला घास चावता येईना. भूक लागायची, ताटावर बसायची, पहिल्याच घासाला कळवळून उठायची. ज्या घरात सिलिंडरवालासुद्धा जेवून जात होता, त्या घरातली लेक भरल्या ताटावरून उपाशी उठायला लागली. सिंधुबाईला हे सहन होईना.

लातूरला लहान मुलांच्या दातांचे डॉक्टर होते, राजशेखर नावाचे. खुर्चीत बसवल्याबरोबर सृष्टीनं असा टाहो फोडला, की बाहेरचे पेशंट उठून उभे राहिले. डॉक्टरांच्या बोटाला चावलीही. डॉक्टर बोट चोळत म्हणाले, "दात किडलेत, पण जोर आहे हं!" मग त्यांनी शांतपणे समजावलं. बारा-तेरा दात खराब झालेत. काही काढावे लागतील, काहींना औषध भरून वर टोप्या बसवाव्या लागतील. एवढं काम पोर जागं असताना होणार नाही. पूर्ण भूल द्यावी लागेल.

"अन् हे झालं कशानं?" शिवकन्येनं विचारलं.

"रात्री झोपताना गोड दूध पाजत होता का?"

शिवकन्येनं सासूकडं बघितलंसुद्धा नाही. ते न बघणंच सिंधुबाईला फार लागलं.

परतताना एसटीत तिच्या डोक्यात एकच शब्द फिरत होता. भूल. लग्नानंतर माहूरला रेणुकामातेला गेली होती, तेव्हा डोंगर उतरताना सासूनं सांगितलं होतं, "खाली बघून चाल गं. रानात भुलीची वेल असती. ओलांडली की माणसाला वाट सापडत न्हाई, फिरतच ऱ्हातंय." मोठी माणसं वाट चुकतात, तिथं ह्या पाच वर्षांच्या लेकराला परत यायची वाट कोण दाखवणार? मांडीवर झोपलेल्या सृष्टीच्या नाकापुढं तिनं हळूच बोट धरलं. श्वास लागला, तेव्हा बोट काढलं. गाव येईपर्यंत तिनं असं कितीदा केलं, ते शिवकन्या खिडकीकडं तोंड करून डोळ्यांच्या कोपऱ्यातून बघत होती.

दिवस ठरला. दवाखान्यातून फोन आला, तो शिवकन्येनं घेतला. फोन ठेवून तिनं सासूला सांगितलं, "आत्या, उद्या सकाळी सृष्टीला उपास हाय बरं का. काई द्यायचं न्हाई."

झालं! चूक झाली ती इथं. शिवकन्येनं 'उपास' म्हटलं, अन् सिंधुबाईनं उपासच ऐकला. सोमवार, चतुर्थी, नवरात्राचे नऊ दिवस, सिंधुबाईनं जन्मभर उपास केलेले. उपासाला भाकर चालत नाही, भात चालत नाही. पण दूध चालतं, केळ चालतं, भगर चालते, राजगिऱ्याचा लाडू तर हमखास चालतो. नाहीतर एकादशी अन् दुप्पट खाशी असं लोक उगाच म्हणतात का?

पहाटे शिवकन्या न्हाणीत होती. सृष्टी उठून बसली, अन् डोळे चोळत म्हणाली, "आज्जे, भूक."

सिंधुबाई तशीच उठली. आज ह्या लेकराला झोपवणार. उपाशी झोपवणार. तिनं वाटीत राजगिऱ्याचा लाडू कुस्करला, वर कोमट दूध ओतलं, अन् चमच्यानं मऊ मऊ भरवलं. उपासाला चालतंय की, असं ती मनाशी म्हणत होती. पण न्हाणीची कडी वाजली, तेव्हा तिनं सृष्टीचं तोंड पदरानं झटकन पुसलं, अन् वाटी विसळून पालथी घातली. चालत होतं, तर पुसलं कशाला? हा प्रश्न तिनं स्वतःला तेव्हा विचारला नाही.

दवाखान्यात भूल देणाऱ्या डॉक्टरीणबाई होत्या, धम्मप्रिया मॅडम. तरुण, बारीक चणीच्या, आवाज मऊ. त्यांनी सृष्टीची छाती तपासली, अन् शिवकन्येला विचारलं, "मुलगी उपाशी आहे ना?"

"हाव मॅडम. सकाळपासून उपासच हाय तिला. पाणीसुद्धा दिलं न्हाई."

दाराशी उभ्या सिंधुबाईनं मान डोलावली. उपास होताच की.

शिवकन्या पोरीला घेऊन आत गेली. झोप लागेपर्यंत आईनं जवळ थांबायचं होतं. जाताना सृष्टीनं आईच्या खांद्यावरून हात हलवला. हिरवा दरवाजा लागला, अन् सिंधुबाई बाकड्यावर येऊन बसली. शेजारी निलंग्याकडची एक बाई बसली होती, तुळजाबाई. तिच्या नातवाचाही नंबर होता.

"आमची दुसरी खेप हाय बघा," तुळजाबाई म्हणाली. "मागं आलो तवा ह्यानं गाडीत बिस्कीट खाल्लं. निम्मंच. तरी वापस धाडलं."

"निम्म्या बिस्किटासाठी?"

"मंग काय तर! पोटात काही असलं, की भुलीत ते उलटून वर येतंय म्हणे. गिळायची शुद्ध नसती लेकराला. थेट फुप्फुसात जातंय. जीव जातो, बाई."

"आमची उपास धरून हाय," सिंधुबाई म्हणाली. "फराळ केला तेवढाच."

"फराळ?" तुळजाबाई बाकड्यावरून अर्धी उठली. "अगं माय माझे! फराळ काय करतीस! घोटभर दूधसुद्धा चालत न्हाई!"

सिंधुबाईला ऐकू आलं, पण उठता येईना. समोरचा दरवाजा बंद होता, अन् आत काय चाललंय ते दिसत नव्हतं. दात मी किडवले, हे तिला कळून चुकलं होतं. आता हेही मीच केलं म्हणून सांगायचं? शिवकन्या पुन्हा लेकीला आपल्या हाती देईल का? सुदर्शन काय म्हणेल? अन् असेल काही, नसेल काही, दोन चमच्यांनी काय होतंय, जिरलं असेल एव्हाना. माणूस भ्यालं की मन कसल्या कसल्या वाटा काढतं बघा. गप्प बसलं तर कुणाला कळणार नव्हतं. वाटी तर विसळून ठेवली होती.

मग तिला व्यंकट आठवला. तो झोपला, तेव्हा ती गप्प बसली होती. उगाच हलवलं तर उठेल, अन् पुन्हा भूक मागेल, म्हणून गप्प बसली होती.

ती उठली ती धावतच सुटली. दोन्ही हातांनी दरवाजा बडवायला लागली. "उघडा! अहो उघडा! माझी पोरगी उपाशी न्हाई! न्हाई उपाशी, म्या खाऊ घातलंय तिला! नगा झोपवू!"

माझी पोरगी उपाशी नाही. हे वाक्य दुसऱ्या कुठल्याही दिवशी ती छाती पुढं काढून म्हणाली असती. आज ते ओरडताना तिचा आवाज चिरकला, अन् पदर खाली पडला तरी तिला भान नव्हतं.

दरवाजा उघडला. धम्मप्रिया मॅडम बाहेर आल्या. त्यांच्या मागं शिवकन्या, अन् तिच्या कडेवर टक्क जागी सृष्टी. हातात फुगा.

"मास्क लावणारच होते," मॅडम म्हणाल्या. "काय दिलंत, आजी?"

"लाडू. राजगिऱ्याचा. दुधात कुस्करून." सिंधुबाई हात जोडून उभी होती. "उपासाला चालतो म्हणून दिला."

मॅडम तिथंच बाकड्यावर बसल्या, अन् त्यांनी तोंडावरून हात फिरवला. "आमच्या घरात उपास-तापास नसतात, आजी. मी उपाशी म्हणाले, ह्या उपास म्हणाल्या. मला वाटलं एकच." मग त्या म्हणाल्या, "बरं झालं ओरडलात. लई बरं झालं."

त्या दिवशी काम झालं नाही. पुढची तारीख मिळाली.

घरी आल्यावर शिवकन्या सासूकडं पाठ करून मशीनवर बसली, अन् टिपा मारत राहिली. सिंधुबाई शाळेत खिचडी वाढायची, पण तिच्या तोंडून 'खा' निघेना. पोरं एकमेकांकडं बघायची. रात्री सृष्टी कुशीत यायची, तेव्हा सिंधुबाईच तिला आईकडं पाठवायची. "जा माय, तिकडं झोप." आपल्या हाताचीच तिला भीती वाटायला लागली होती.

तारखेच्या आदल्या दिवशी शिवकन्या सृष्टीचं अंथरूण घेऊन आली, अन् तिनं ते सासूच्या शेजारी टाकलं.

"नगं गं," सिंधुबाई म्हणाली. "तुझ्याजवळच असू दे. माझा भरवसा न्हाई."

शिवकन्या खाली बसली. "आत्या, मला लई राग आला व्हता. अजून हाय. दात किडले तवापासून हाय." तिनं पहिल्यांदाच सासूच्या डोळ्यांत बघून असं म्हटलं. "पण उपास म्हणणारी मीच. अन् तुमच्या जागी दुसरं कुणी असतं, तर गप बसलं असतं. मी तुमच्या जागी असते, तर काय केलं असतं, ते मला ठाव न्हाई." तिनं अंथरुणाची सुरकुती सारखी केली. "सकाळी ती रडणार. मला न्हाई बघवायचं. तुम्हीच सांभाळा."

सिंधुबाईनं सुनेच्या डोक्यावर हात ठेवला. मग उठून तिनं केळी, बिस्किटं, लाडवाचा डबा, सगळं शेजारणीकडं नेऊन दिलं.

पहाटे चूल पेटली नाही. गॅसही नाही. चहाचा वाससुद्धा घरात नको.

"आज्जे, भूक."

"न्हाई बाळा. आज न्हाई."

"दूध?"

"न्हाई."

सृष्टी हुशार. तिनं डोळे बारीक केले. "मग उपासाचं दे की!"

"उपासाचं बी न्हाई." सिंधुबाईला हसू आलं, अन् त्या हसण्यातच हुंदका आला. पोरीनं भोकाड पसरलं. पाय झाडले. "तू वाईट हाईस! तू माझी आज्जी न्हाईस!" म्हणत छातीवर बुक्क्या मारल्या. सिंधुबाईनं मारू दिल्या. आयुष्यात पहिल्यांदा एका भुकेल्या पोराला ती नाही म्हणत होती, अन् घरात असून नाही म्हणत होती. तिनं स्वतःही पाण्याचा थेंब घेतला नाही. त्याचा कुणाला उपयोग नव्हता, पण तिच्या घशाखाली उतरलं नसतं.

दवाखान्यात धम्मप्रिया मॅडमनी आधी सिंधुबाईलाच गाठलं. "काय आजी? भाकर, दूध, केळ, फराळ, तीर्थ, प्रसाद?"

"काही न्हाई मॅडम. रिकामं पोट हाय. रडून रडून झोपलंय लेकरू."

हे बोलली, अन् तिचं तिलाच धस्स झालं. रडून रडून झोपलंय. रिकामं पोट हाय. मागच्या खेपेला पोट भरलेलं म्हणून ती भ्याली होती, आता रिकामं म्हणून भीती. हिरवा दरवाजा लागला. थोड्या वेळानं शिवकन्या एकटीच बाहेर आली. "झोपली," एवढंच म्हणाली.

दोघी बाकड्यावर बसून राहिल्या. आतून मशिनीचा आवाज यायचा, थांबायचा. थांबला की सिंधुबाई सुनेचा हात घट्ट धरायची. सुरू झाला, की सोडायची. सुदर्शनचा दोनदा फोन आला. शिवकन्येनं दोन्ही वेळा "अजून न्हाई" म्हणून ठेवून दिला. सिंधुबाई मनात रेणुकामातेला म्हणत होती, माय, ह्या लेकराला वाट दाखव. बदल्यात काय देऊ, ते काही तिला सुचलं नाही.

दरवाजा उघडला. डॉक्टर राजशेखर टोपी काढत बाहेर आले. "काम चांगलं झालं. आता हळूहळू जाग येईल."

सृष्टीला खाटेवर आणून ठेवलं. ओठ सुजलेले, कडेला रक्ताचा ओघळ, डोळे मिटलेले. सिंधुबाई खाटेपासून हातभर लांब उभी राहिली. तिला जवळ जाववेना. त्या सकाळी तिनंच व्यंकटला हलवलं होतं. गार अंग तिच्याच हाताला लागलं होतं.

"आत्या, या की."

"नगं. मी हात न्हाई लावत."

शिवकन्येला व्यंकटचं काहीच माहीत नव्हतं. पण सासू खाटेकडं पाऊल टाकत नाही, हे तिला दिसत होतं. तिनं सासूचा हात धरला, ओढत आणला, अन् सृष्टीच्या पोटावर ठेवला. पोट वर येत होतं, खाली जात होतं. गरम होतं. सिंधुबाईनं हात तिथंच ठेवला. दुसऱ्या खाटेवरचं पोर रडून उठलं, त्याला घेऊनही गेले. सृष्टी झोपलेलीच. सिस्टर येऊन बघून गेल्या, "येईल जाग," म्हणाल्या. अजून जाग नव्हती.

मग पोटावरचा हात एकदम हलला. म्हणजे पोटच हललं. सृष्टीनं तोंड वाकडं केलं, कण्हली, लाल थुंकी गालावर आली. डोळे किलकिले झाले. त्यांत ओळख नव्हती.

"आज्जे," पोर घोगऱ्या आवाजात म्हणालं. "भूक लागली."

सिंधुबाईनं असा हंबरडा फोडला, की सिस्टर धावत आल्या. "काय झालं? काय झालं हो?"

"काही न्हाई, सिस्टर!" ती रडत होती, हसत होती, पदर तोंडात कोंबत होती. "पोरीला भूक लागली!"

"लगेच काही देऊ नका बरं. आधी घोटभर पाणी. मी सांगते, मग."

"तुम्ही म्हणाल तवा देते, माय. तुम्ही म्हणाल तवाच." सिंधुबाई खाली वाकली, अन् तिनं आपला कान सृष्टीच्या तोंडाजवळ नेला. "काय म्हणालीस बाळा? अजून एकदा म्हण."